पाचशे नव्वद मिळवा

चैत्र लागला की सकाळी दहाच्या सुमाराला मला थकवा येतो. एरवी येत नाही. सगळ्या तपासण्या करून झाल्या. डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे." मी म्हटलं, वय तर श्रावणातही एवढंच असतं. ते हसले आणि त्यांनी एक गोळी लिहून दिली.

समोरच्या घरातली मुलं आता गच्चीवर येरझारा घालत पाठांतर करू लागली आहेत. कडुलिंबाचा मोहोर इतका गळतो की सकाळी झाडलेलं अंगण थोड्या वेळात पुन्हा पिवळसर दिसतं. ऊन अजून वैशाखाचं नाही, पण त्याची तयारी कळते. आणि सई, तू जिथं राहतेस, जिथं अजून बर्फ वितळतोय म्हणतेस, तिथून परवा तुझा फोन आला. परीक्षा जवळ आली आहे, मेसोपोटेमियापासून महायुद्धांपर्यंत सगळं डोक्यात बसवायचं आहे. तू म्हणालीस, "आजी, मी दमले गं. तुला हे सगळं आवडायचं तरी कसं?"

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. फोनवर मला लांबलचक बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे, तुझ्या भावालाही वाचायला दे. आपल्या घरात एक समज पक्का झाला आहे की आजीला इतिहासाचं वेड होतं, म्हणून तिनं परभणीत बसून, संसार सांभाळून विद्यापीठाची इतिहासाची पदवी घेतली. वेड वगैरे काही नव्हतं. जे होतं त्याला एका शब्दाचं नाव मला अजून सापडलेलं नाही.

मी नगरकडची, म्हणजे तेव्हाच्या भाषेत इंग्रजी मुलखातली. लग्न होऊन परभणीला आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. पण घरातल्या बोलण्यात ते अजून मुक्कामाला होतं. माहेरी अर्ज करत, इथं दरखास्त देत. माहेरी खटला चाले, इथं मुकदमा. नव्या सुनेला स्वयंपाकघर शिकावं लागतं. मला आधी शब्द शिकावे लागले.

माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, वकील होते. उभी हयात त्यांनी उर्दूत वकिली केली होती. राज्य बदललं तशी कचेरीची भाषा बदलली. इंग्रजी त्यांना अडखळत वाचता येई, पण भर कोर्टात उभं राहून अडखळणं त्यांना मान्य नव्हतं. तरुण वकील आले, पक्षकार एकेक करून त्यांच्याकडे गेले. मी घरात आले तेव्हा मामंजी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसत. रागावलेले नसत. विचारलं तर उत्तर देत. पण बघत भिंतीकडे.

सासूबाई चारठाण्याच्या. त्यांचं बोलणं कोरडं आणि नेमकं. मला म्हणाल्या, "दोन पावसाळे झाले, असंच बसायलेत. हाक मारली की जेवायला येत्यात. माणूस घरात हाय, पण हाय म्हणावं का न्हाई, तेच कळंना."

तुमचे आजोबा नांदेडला रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर होते, रविवारी तेवढे घरी येत. गावात मुलींचं हायस्कूल निघणार होतं, त्याला पदवीधर बाई हवी होती. ते म्हणाले, "तुझं इंटर झालंय. बाहेरून बी.ए.ला बस." विद्यापीठ हैदराबादचं, परीक्षेचं केंद्र औरंगाबादला, पेपर इंग्रजीत. मी इतिहास घेतला, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षक नसला तरी निदान वाचता येतो, असं मला वाटलं.

पुस्तकांची यादी आली. पुस्तकं मात्र परभणीत नव्हती. हैदराबादहून दोन मिळाली, बाकीची संपलेली होती. एक दिवस भिंतीकडे बघतच मामंजी म्हणाले, "युनानचा, म्हणजे तुमच्या ग्रीसचा, रोमचा, सगळ्या युरोपचा इतिहास आहे आमच्या वकिलांच्या लायब्ररीत. उर्दूत आहे. आता कोण वाचतंय."

दुसऱ्या दिवशी ते उठून गेले आणि हमालाच्या डोक्यावर पोतं देऊन परत आले. पोत्यात जुनी, जाड, वाळवीनं कडा खाल्लेली पुस्तकं होती. पूर्वी विद्यापीठात सगळं उर्दूतूनच शिकवत, त्यासाठी भाषांतर केलेली. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

तिथून आमची रीत सुरू झाली. सकाळी दहाला, म्हणजे पूर्वी ते कचेरीला निघत त्या वेळेला, मामंजी शेरवानीची सगळी बटणं लावून ओसरीवर येऊन बसत. मी चटईवर, पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर कागद. कोर्टात सुनावणी पुकारावी तसं ते विचारत, "आज पेशी कुणाची?"

"आज बाबिलोनची, मामंजी."

"हाजिर करा."

ते मनात उर्दू वाचत, तोंडानं मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहून घेई. एकेका राज्याला आमच्या ओसरीवर पोचेपर्यंत तीन भाषांची वेस ओलांडावी लागे. दजला आणि फरात या नद्या मी कितीतरी दिवस तशाच लिहून ठेवल्या होत्या. टायग्रिस आणि युफ्रेटिस त्याच, हे कळल्यावर मामंजी मोठ्यानं हसले. सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, त्यांच्याकडे बघून आत गेल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "मेलेल्यांची एवढी ऊठबस. जित्यांनी पाणी बी मागू नये का?" आणि पाण्याचा तांब्या त्यांनीच आणून ठेवला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की मी कशात पडले आहे. पास होणं माझं होतं. पण हे रोजचं दहाचं बसणं मामंजींचं होतं. ते थांबलं तर समोर पुन्हा भिंत होती.

सकाळी वाचलेल्याची संध्याकाळी, चहाच्या वेळी, परीक्षा होई. ते तिला जिरह म्हणत. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न. "कोण? कुठं? कोणत्या साली?" सालावर त्यांचा फार भर. म्हणत, "तारीख नसलेली हकीकत म्हणजे अफवा."

आता सालांचं सांगते, सावकाश वाच. निजामाच्या राज्यात सरकारी वर्ष फसली होतं. फसली म्हणजे पिकांच्या हंगामावर चालणारं, सूर्याचं वर्ष. त्यात पाचशे नव्वद मिळवले की आपलं इसवी सन येतं. मामंजींच्या आयुष्यातला प्रत्येक दस्तऐवज, प्रत्येक निकाल, मुलांचे जन्म, सगळं फसलीत. पुस्तकात आकडा आला की ते क्षणही न थांबता म्हणत, "पाचशे नव्वद मिळवा." मी मिळवत असे. इंग्रजी मुलखातल्या मुलीला दुसरं काय माहीत असणार?

युरोपच्या पुस्तकांत इसवी सनच होते, तिथं काही करावं लागत नसे. मराठ्यांचे सन मला शाळेपासून पाठ, ते मी विचारलेच नाहीत. राहिले दिल्लीचे आणि दख्खनचे सुलतान. शाळेत आम्हाला इंग्लंडचे राजे फार आणि दिल्लीचे अगदी थोडे शिकवले होते. त्यामुळे सुलतानांच्या बाबतीत मी पूर्णपणे मामंजींवर होते.

फाल्गुन संपत आला होता. ज्वारी खळ्यावरून घरात आली होती, कडब्याचा गोडसर वास गल्लीभर होता. रानं मोकळी झाल्यामुळे धनगरांचे कळप गावाजवळून जात, त्यांच्या धुळीनं ओसरीवरचे कागद करकरत. अशा एका दुपारी माझ्या भावानं पुण्याहून पाठवलेलं इंग्रजी पुस्तक पोस्टानं आलं. मध्ययुगीन हिंदुस्थानाचं. मी सहज आमची टिपणं पडताळून बघू लागले.

शहाजहानचे सन जुळले. त्याच्या मागं गेले तर थोडे चुकले. आणखी मागं गेले तर आणखी. दिल्लीच्या पहिल्या सुलतानापर्यंत पोचले तेव्हा चूक चौदा वर्षांची झाली होती.

मी पाटी घेऊन बसले. दुपार उतरेपर्यंत कारण सापडलं. पुस्तकातले सन हिजरी होते. हिजरी वर्ष चंद्राचं, सूर्याच्या वर्षाहून लहान. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून ही तूट भरून काढतात, हिजरीत काढत नाहीत. म्हणून तर मोहरम कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात. हिजरीतून इसवी काढायचा हिशोब वेगळा असतो. पाचशे नव्वद मिळवून उत्तर बरोबर येतं ते फक्त शहाजहानच्या आसपास. दख्खनची फसली त्याच्याच काळात हिजरीवरून सुरू झाली, म्हणून तिथं दोन्ही वाटा एकमेकींना भेटतात. तिथून जितकं लांब जावं तितकी चूक मोठी.

मामंजींना हे माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर उर्दू वाचणाऱ्या माणसाला हिजरी आणि फसलीतला फरक कळत नाही? पण कळणं वेगळं आणि जिभेची सवय वेगळी. आकडा दिसला की त्यांच्यासमोर कचेरी उभी राहत असणार.

पाटी पुसून मी ओसरीवर आले. ते त्याच दिवशीच्या पानांवरून हात फिरवत बसले होते. मला बघून म्हणाले, "सूनबाई, दख्खनचे सुलतान झाले. सगळे ठाकठीक लागले की नाही?"

तोंडाशी आलेलं मी गिळलं. "लागले, मामंजी."

सासूबाईंना मात्र मी सांगितलं. निवडायला घेतलेल्या तुरीच्या डाळीवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग सांग की त्यांना."

"सांगितलं आणि पुन्हा बसले भिंतीकडे बघत, तर?"

त्यांनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "तर सांगू नको. पण लय दमशील, बघ."

त्यांचं खरं झालं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात प्रत्येक सुलतान दोनदा गादीवर बसू लागला. दुपारी माझा लहान मुलगा आणि सगळं घर निजलं की दाराला ओलं गोणपाट लावून मी पाटीवर खरे सन लिही, घोकी, ओल्या फडक्यानं पुसून टाकी. संध्याकाळी जिरह. तिथं मामंजींचे सन द्यायचे, नाहीतर ते विचारणार, हा आकडा कुठून आणलात? दुपारचं तोंडात येऊ द्यायचं नाही, संध्याकाळचं पेपरात जाऊ द्यायचं नाही. एकच इतिहास पाठ करणं जड असतं, सई. मी दोन करत होते, आणि त्यातला एक खोटा होता. गोणपाटाचा कुबट ओला वास आला की आजही मला एखाद्या सुलतानाचं दुसरं, चुकीचं साल आधी आठवतं.

कधीकधी वाटे, मरू देत हे सगळे. किती गाद्या, किती वेढे, किती भावांनी भावांचे डोळे काढले. बाबिलोनपासून निघालेली मी, कुठंही पोचले तरी तेच. नाव बदले, साल बदले, आणि शेवटी कोणीतरी कोणाच्या तरी दाराशी बसलेलं असे, आता आपलं काय, असं मनात म्हणत. पुस्तकात त्या माणसाचं नाव नसे. ते आमच्या ओसरीवर शेरवानी घालून बसत.

परीक्षेला थोडे दिवस असताना सासूबाईंच्या माहेरी लग्न निघालं. मला जायचं नव्हतं, पण न जाऊन चालणार नव्हतं. जिंतूरपर्यंत एसटी, पुढं बैलगाडी. चारठाण्यात जुनी देवळं आहेत. वऱ्हाडाच्या गलबल्यातून सुटून मी त्यातल्या एकात जाऊन बसले. खांबांना गार सावली होती आणि त्या सावलीत कुणाच्या तरी शेळ्या. त्यांची मालकीण, माझ्याच वयाची, लेकराला पाजत बसली होती.

"फार जुनं आहे ना हे?" मी विचारलं.

"लय जुनं हाय. माझ्या सासूच्या सासूच्या बी आधीचं, म्हणत्यात."

मी म्हटलं, "बरंय. तुम्हाला साल पाठ करावं लागत नाही."

"कशाला करायचं? देऊळ काय पळून जायलंय का?" असं म्हणून ती हसली. मी खांबाला डोकं टेकलं आणि चक्क झोपले.

तिथून मला बोलावून नेलं ते पंगतीनंतरच्या बैठकीत. मामंजी गादीवर बसले होते, चारचौघांत, कितीतरी दिवसांनी. त्यांचा चेहरा फुलला होता. "आमच्या सूनबाई," ते सगळ्यांना सांगत होते, "प्राचीन काळापासून आजच्या जगापर्यंत सगळा इतिहास मुखोद्गत. काहीही विचारा."

सासूबाईंचा भाचा मधुकर हैदराबादला कॉलेजात शिकत होता. तो म्हणाला, "सोपंच विचारतो. वहिनी, दिल्लीचा पहिला सुलतान गादीवर कधी बसला?"

मामंजी माझ्याकडे बघत होते. त्यांचा आकडा मला माहीत होता, खराही माहीत होता. मी त्यांचा आकडा सांगितला.

मधुकर हसला. "वहिनी, तेव्हा तो अजून गुलामच होता. तुम्ही त्याला फार लवकर सोडवलंत."

सगळे हसले. मी मामंजींकडे बघितलं नाही. म्हटलं, "माझ्याच डोक्यात घोटाळा झाला. लग्नाच्या धावपळीत काही आठवत नाही."

"दमली हाय ती," सासूबाई दारातून म्हणाल्या. "आणि तू रे मधुकर, पंगतीत पाच जिलब्या मोजून घेतल्यास ते कोणत्या साली, ते सांग." पुन्हा हशा झाला आणि विषय बदलला. मामंजी थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "सूनबाई, तेवढं पुन्हा पाठ करा." परतीच्या वाटेवर गाडीत ते सगळा वेळ रानाकडे बघत होते. कापून गेलेल्या ज्वारीची धसकटं, मधे एखादं बाभळीचं झाड. मला वाटलं, झालं, संपलं.

पण दुसऱ्या दिवशी दहाला ते येऊन बसले आणि संध्याकाळी जिरह झाली. सुलतानांचीच. मी त्यांचेच आकडे दिले. ते "ठीक" म्हणाले.

औरंगाबादला पेपरच्या वेळी इतकं ऊन होतं की टाकाच्या निबावर शाई वाळे. सुलतानांवर प्रश्न आला. प्रत्येक सालापूर्वी मी टाक उचलून धरी आणि विचार करी, हे दुपारचं की संध्याकाळचं? बाकीच्या बायका पानांमागून पानं लिहीत होत्या. एका ठिकाणी तरी मी मामंजींचं साल लिहिलं असणार. कुठं, ते मला कधीच कळलं नाही.

निकाल लागला तेव्हा पावसाळा अर्धा झाला होता. मी पास झाले, दुसऱ्या वर्गात. आजोबांनी पेढे आणले. मामंजींनी स्वतः गल्लीत वाटले, प्रत्येक घरी थांबून, उंबऱ्यावर उभं राहून सांगून. त्या रात्री मी मुलाला कुशीत घेऊन जी झोपले ती सकाळी सासूबाईंनी हलवून उठवलं तेव्हाच उठले.

आणि मग दहा वाजले. मामंजी सदऱ्यावरच ओसरीवर येऊन बसले होते. पोतं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं. आज पेशी कुणाचीच नव्हती. मी आतून बघत होते. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा पोत्याकडे, आणि हळूहळू मान भिंतीकडे वळली.

असे चार-पाच दिवस गेले. शाळेची नोकरी पुढच्या वर्षी सुरू होणार होती. मी मोकळी होते. इतके दिवस ज्याची वाट बघितली ती दुपारची झोप मला मिळत होती, आणि ती मला गोड लागत नव्हती. शेवटी मी बाहेर गेले आणि म्हटलं, "मामंजी, एम.ए.चं बघावं म्हणते. तेही बाहेरून करता येतं."

आतून सासूबाईंची हालचाल थांबल्याचं ऐकू आलं.

मामंजींनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, "त्यात सुलतान येतात का?"

"सगळेच येतात. पहिल्यापासून."

"मग सन तुम्ही काढायचे. आमचं पाचशे नव्वद त्यांना लागू पडत नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते भिंतीकडेच बघत होते, पण आवाज कोर्टातला होता. "तुम्ही आकड्यापूर्वी थांबता, सूनबाई. खोटी साक्ष देणारा तसाच थांबतो. खऱ्याला थांबावं लागत नाही. चारठाण्याला मधुकर बोलला तेव्हा मला कळलं, तुम्ही थांबता ते का."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर बंद झालं असतं."

मला राग आला. खरंच आला. परीक्षेच्या तोंडावरचे ते सगळे दिवस, ती गोणपाटाआडची दुपार, दोन-दोनदा गादीवर बसलेले ते राजे. मी त्यांच्यासाठी जे वाहत होते ते त्यांनी बघितलं होतं आणि वाहू दिलं होतं. पण मीही याच कारणासाठी गप्प होते. आम्ही दोघं एकच दार दोन बाजूंनी धरून उभे होतो.

"मी आता फार दमले आहे, मामंजी," मी म्हटलं. त्या घरात आल्यापासून हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

"ते दिसतंय," ते म्हणाले. "मीही दमलो आहे. बसा. आज लिहू नका. मी नुसतं वाचतो."

त्यांनी वाकून पोत्याची गाठ सोडायला घेतली. पावसाच्या हवेनं सुंभ फुगला होता, गाठ सुटेना. मी खाली बसले आणि दुसऱ्या बाजूनं ओढू लागले.